तो काहून गेला? दहशतवादावर गावात वादविवाद कसा घडवावा

आजच्या दहशतवादी संघटनांमागची खरी प्रेरणा कोणती, हा विषय वादाला ठेवायचा असेल तर आधी प्रश्न फोडून घ्या. अख्खा प्रश्न सभेत टाकला की कोणी गरिबी म्हणतं, कोणी धर्म म्हणतं, कोणी परदेशातला पैसा म्हणतं. मग मागून एक आवाज येतो, "गोळ्या घाला ना बाप्पा, चर्चा कायले पायजे!" टाळ्या त्यालाच पडतात आणि पुढचा तासभर कोणी कोणाचं ऐकत नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आता गावचं वाचनालय सांभाळते. धान घरात आलं आणि मंडईची (गावजत्रेची) गर्दी ओसरली की गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर आम्ही वाद ठेवतो. झाडीपट्टीतली माणसं पहाटेपर्यंत नाटक बघत बसतात, तेव्हा ऐकण्याचा कंटाळा त्यांना नाही. पण हा विषय इथे पेपरातला नाही. एका टोल्यातला (वस्तीतला) एक मुलगा सी-60 या नक्षलविरोधी पोलीस पथकात भरती झाला आणि दुसरा दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीत गेला, असं या जिल्ह्याने पाहिलं आहे. समोर बसलेल्यांत कोणाच्या घरचं कोण गेलं, कोणाला 'खबरी' ठरवून रात्री उचललं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा सभेत वाद घ्यायचा तर तयारी लागते.

चार माणसं, चार प्रश्न

'ते असं का करतात' यातले 'ते' म्हणजे कोण, हे फळ्यावर लिहून घ्या. निदान चार माणसं निघतात. संघटना उभी करणारा, बंदूक खांद्यावर घेणारा, त्यांना रात्री भात शिजवून देऊन सकाळी गप्प राहणारा, आणि परतायचं मनात असूनही आत राहणारा. या चौघांची कारणं वेगवेगळी असतात. वाद भरकटतो तो बहुतेक वेळा यामुळेच की एक वक्ता पहिल्याबद्दल बोलत असतो, दुसरा दुसऱ्याबद्दल, आणि दोघांना वाटतं आपण एकमेकांना उत्तर देतोय.

हे मी गडचिरोलीच्याच उदाहरणाने समजावते. 1967 साली पश्चिम बंगालच्या नक्षलबारीत जमिनीच्या प्रश्नावरून ठिणगी पडली. 1980 मध्ये आंध्रात पीपल्स वॉर ही नक्षलवादी (माओवादी) संघटना स्थापन झाली आणि तिची माणसं गोदावरी-प्राणहिता ओलांडून आपल्या जंगलात आली. त्यांच्याकडे मार्क्स होता, माओ होता, दिल्लीची सत्ता उलथवण्याचा आराखडा होता. इथल्या माडिया आदिवासी पोराकडे यातलं काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे कोंबडी मागणारा वनरक्षक होता, सरपणाच्या मोळीला होणारा दंड होता, आणि तेंदूपत्त्याच्या पुड्याला मिळणारे चार पैसे होते. बाहेरून आलेल्यांनी सुरुवातीला तेंदूपत्त्याच्या दरावरच बोट ठेवलं आणि दर वाढवून घेतले. माओच्या नावाने कोणी गेलं नसतं, दरासाठी लोक त्यांचं ऐकू लागले.

मुलींचं आणखी वेगळं. शरण आलेल्या बायांच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा येतं की घरच्यांनी नको त्या माणसाशी लग्न ठरवलं, किंवा चेतना नाट्य मंच या संघटनेच्या कलापथकाची गाणी-नाच बघून पाय वळले, किंवा आधी गेलेली मैत्रीण बोलवायला आली. भात देणाऱ्याचं कारण बहुतेक वेळा भीती असतं, कधी नातं. चौथ्याचं तर सरळ आहे. मागे फिरला तर संघटना मारेल आणि पुढे आला तर पोलीस पकडतील, असं त्याला वाटतं.

भूपती आणि ताराक्का हे जोडपं वक्त्यांना अभ्यासाला द्या. मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा तेलंगणातल्या पेद्दापल्लीचा, शिकलेल्या घरातला, वरच्या नेतृत्वातला. ताराक्का गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी भागातली, 1980च्या दशकात दलममध्ये गेलेली. ती 1 जानेवारी 2025 रोजी शरण आली आणि तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 60 साथीदारांसह. संघटना एक, संसार एक, पण जाण्याची वाट दोघांची सारखी असेल का? पोरांना हा प्रश्न विचारा आणि थांबा. सभा आपोआप पहिल्या ठरलेल्या उत्तरांपासून दूर सरकते.

गरिबीचा मुद्दा कसा तपासायचा

आपल्याकडे हा मुद्दा सर्वांत आधी येतो, आणि तो मनापासून येतो. त्याला उडवून लावू नका, तपासायला लावा. तपासण्याची रीत सोपी आहे: तेच कारण जिथे आहे पण परिणाम झाला नाही, अशी जागा शोधा.

विदर्भात ती जागा शोधायला लांब जावं लागत नाही. यवतमाळ घ्या. कापसाचा भाव, कर्ज, सावकार, कोरडवाहू जमीन. हजारो शेतकऱ्यांनी तिथे आणि शेजारच्या जिल्ह्यांत स्वतःचा जीव घेतला. दुःख गडचिरोलीपेक्षा कमी होतं असं कोण म्हणेल? तरी कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांची सशस्त्र चळवळ उभी राहिली नाही. मग गडचिरोलीत काय जास्तीचं होतं? लपायला जंगल होतं, दोन राज्यांच्या सीमा होत्या, शासन म्हणजे वनखातं एवढाच अनुभव होता, आणि मुख्य म्हणजे संघटना बांधणारी तयार माणसं सीमेपलीकडून आली होती. वणीजवळच्या राजूरचा माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे यवतमाळ जिल्ह्यातलाच, पण तो शेतातून गेला नाही. कोळसा खाणीतली नोकरी आणि कामगार चळवळ या वाटेने गेला. 13 नोव्हेंबर 2021 रोजी गडचिरोलीतल्या मर्दिनटोल्याच्या चकमकीत मारल्या गेलेल्या 26 जणांत तो होता.

जगाच्या पातळीवरही हीच तपासणी झाली आहे. ॲलन क्रूगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने लेबनॉनमधल्या हिजबुल्लाच्या मारल्या गेलेल्या लढवय्यांची माहिती तपासली. ते आसपासच्या लोकसंख्येपेक्षा जास्त गरीब किंवा कमी शिकलेले नव्हते. ओसामा बिन लादेन बांधकाम व्यवसायातल्या अतिश्रीमंत घराण्यातला, अयमन अल-जवाहिरी शल्यविशारद, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याचं नेतृत्व करणारा मोहम्मद अट्टा वास्तुशास्त्र शिकून जर्मनीत नगररचनेचा अभ्यास करत होता. मग गरिबी बाद का? नाही. अजमल कसाब पाकिस्तानी पंजाबातल्या फरीदकोटच्या गरीब घरातला होता. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत 166 माणसं मारणाऱ्या दहा जणांतला तो एक, आणि त्या दहा जणांना फोनवरून हुकूम देणारे पाकिस्तानात सुरक्षित बसले होते. कसाबला तिथवर नेणारं कारण आणि फोनवरच्या माणसाचं कारण एकच होतं, असं समजण्याला आधार काय?

वक्त्यांना एवढं सांगा की 'गरिबी' म्हणाल तर कोणाची, आणि गरिबीने त्याला नेमकं कुठल्या पायरीवर ढकललं, हेही सांगावं लागेल.

धर्माचा मुद्दा, आणि त्याला धरून बसलेली माणसं

इथे निवेदकाने कणखर राहावं. पहिला नियम सुरुवातीलाच जाहीर करा: सभेतल्या कोणालाही त्याच्या जमातीच्या किंवा धर्माच्या वतीने उत्तर द्यायला उभं करायचं नाही. वसतिगृहात राहणाऱ्या एका माडिया मुलाला एकदा कोणीतरी म्हणालं, "तू त्या भागातलाच आहेस ना, तूच सांग." तो मुलगा त्यानंतर बोललाच नाही. गावातल्या मुस्लीम शिंप्याच्या दुकानावर पाकिस्तानबद्दल जाब विचारणारेही असतात. हा नियम मोडला तर मी वाद तिथेच थांबवते, समोर कोणीही असो.

आता मुद्द्याकडे. 'धर्म की राजकारण' अशी जोडी लावली की वाद खोटा होतो, कारण बहुतेक ठिकाणी दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं. बिन लादेनची 1996 आणि 1998 ची जाहीर निवेदनं बघा. भाषा सगळी धर्माची, पण तक्रारी बघितल्या तर सौदी भूमीवरचं अमेरिकी सैन्य, इराकवरचे निर्बंध, पॅलेस्टाईन. उलट बाजूने श्रीलंकेतले तमिळ वाघ घ्या. लढा स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा, धर्माचं राज्य आणण्याची भाषा नाही, तरी आत्मघाती हल्ल्यांचं तंत्र त्यांनी एवढं वाढवलं की 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूरला आपल्याच माजी पंतप्रधानांचा, राजीव गांधींचा बळी गेला. गळ्यात सायनाईडची कुपी बांधून फिरणाऱ्यांना स्वर्गाचं आश्वासन कोणी दिलं नव्हतं.

रॉबर्ट पेप या अमेरिकी अभ्यासकाने 1980 ते 2003 मधले आत्मघाती हल्ले मोजून निष्कर्ष काढला की त्यांचं मूळ धर्मात कमी आणि परकी सैन्याच्या ताब्यात जास्त आहे. हा मुद्दा एका वक्त्याकडे द्या, पण त्याच्यासमोर दुसरा असा उभा करा जो विचारेल, मग 16 डिसेंबर 2014 ला पेशावरच्या शाळेत पाकिस्तानी तालिबानने स्वतःच्याच देशातली आणि स्वतःच्याच धर्माची 130 हून जास्त मुलं का मारली? इराकमध्ये शियांच्या मशिदीत बॉम्ब का फुटले? नॉर्वेत 22 जुलै 2011 ला एका गोऱ्या, मूळ नॉर्वेजियन माणसाने 77 जणांचा जीव घेतला, तेव्हा त्याच्या देशात कोणाचं सैन्य होतं? ही शेवटची घटना आवर्जून ठेवा. दहशतवाद एकाच धर्माचा असं मनात धरून बसलेल्या माणसाला ती हलवते, आणि हलवायलाच हवं.

धर्माचं काम नाहीच असंही कोणाला म्हणू देऊ नका. मरायला तयार होण्यासाठी माणसाला काहीतरी असं लागतं ज्याचा भाव ठरत नाही. कुठे तो ग्रंथ असतो, कुठे राष्ट्र, कुठे क्रांती. संघटना ते अगदी विचारपूर्वक देते.

मित्र, भाऊ आणि पोलिसाची काठी

या भागाला सर्वांत जास्त वेळ ठेवा, कारण इथे गावकऱ्यांना स्वतःच्या अनुभवातून बोलता येतं.

मार्क सेजमन यांनी जिहादी संघटनांतल्या दीडशेहून जास्त माणसांच्या जीवनकथा जुळवल्या. बहुतेक जण ओळखीतून आत गेले होते, मित्राच्या मागे मित्र, भावाच्या मागे भाऊ. हॅम्बुर्गमधला अट्टाचा गट असाच, एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी, एकमेकांना आणखी पेटवणारी तरुण पोरं. हे सभेत वाचून दाखवलं की आमच्याकडची एखादी म्हातारी हमखास म्हणते, "बाई, आमच्यातला पोट्टा बी तसाच गेला, त्याचा दोस्त पहिले गेलता." अशा वाक्याला ग्रंथातल्या दाखल्याइतकंच वजन द्या. नाव मात्र विचारू नका.

दुसरं म्हणजे मार. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आफ्रिकेतल्या अतिरेकी गटांत स्वेच्छेने गेलेल्यांच्या मुलाखती घेऊन 2017 मध्ये अहवाल काढला. शेवटचा धक्का कशाने बसला, या प्रश्नावर 71 टक्क्यांनी सरकारी कारवाईचं नाव घेतलं. घरच्या माणसाला किंवा मित्राला मारलं, उचलून नेलं, अशी कारणं. नायजेरियात बोको हरामचा संस्थापक मोहम्मद युसूफ 2009 मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारला गेला, आणि त्यानंतर ती संघटना कित्येक पटींनी क्रूर झाली. उत्तर आयर्लंडच्या डेरीत 30 जानेवारी 1972 रोजी ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, 13 माणसं जागीच किंवा त्याच दिवशी गेली, आणि आयआरए या सशस्त्र संघटनेकडे तरुणांची रीघ लागली. आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये 2005 पासून माओवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांच्याच हातात शस्त्रं देऊन सलवा जुडूम चालवलं गेलं. गावं जळली, माणसं छावण्यांत गेली, काही जंगलात गेली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं.

हे बोललं की कोणीतरी उठून म्हणणार, "म्हणजे बाई, तुम्ही त्यांची बाजू घेता." उत्तर तयार ठेवा. 1 मे 2019 ला कुरखेड्याजवळच्या जांभुळखेड्यात भूसुरुंगाने 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. 8 ऑक्टोबर 2009 ला लाहेरीत 17 पोलीस गेले. त्यातली कितीतरी पोरं आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची. मारणाऱ्याचा गुन्हा कारण समजल्याने रुपयाभरही हलका होत नाही. न्यायाधीशही हेतू विचारतो आणि मग शिक्षा देतो. आपण कारण शोधतो ते पुढच्या वर्षी आपल्या शाळेतला पोरगा जाऊ नये म्हणून. मी हे सभेत आवाज चढवून सांगते, कारण मला तसंच वाटतं.

भगतसिंगांचं नावही निघेल. निघू द्या, पण दोन मिनिटांत बाजूला करा. 8 एप्रिल 1929 ला विधिमंडळात बॉम्ब टाकताना त्यांनी कोणी मरू नये अशी जागा निवडली, पळून न जाता अटक करून घेतली. आपला आजचा विषय निःशस्त्र माणसांना मारून बाकीच्यांना घाबरवणाऱ्यांचा आहे.

कोणाचं म्हणणं पुरावा म्हणून धरायचं

संघटनेचं पत्रक हे तिला जगाला काय दाखवायचं आहे ते सांगतं. शरण आलेला पोलिसांशेजारी उभा राहून बोलतो तेव्हा 'मला फसवलं' हे त्याच्या सोयीचंही असतं, पुनर्वसनाची रक्कम आणि जिवाची हमी त्यात गुंतलेली असते. कबुलीजबाब कोठडीतला असतो. कसाबने जबाब दिला आणि नंतर फिरवला, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. याचा अर्थ ही साधनं फेकून द्यायची असा नाही. एकाच माणसाने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या श्रोत्यांसमोर काय सांगितलं ते शेजारी ठेवून बघायचं. भूपतीने शरण येण्याआधीच शस्त्रं खाली ठेवण्याची भूमिका पत्रकातून मांडली होती आणि संघटनेतल्या दुसऱ्या गटाने ती फेटाळली होती. अशी भांडणं प्रेरणेबद्दल जितकं सांगतात तितकं भाषण सांगत नाही.

आणि आरोपी म्हणजे दहशतवादी नव्हे. 2006 च्या मालेगाव स्फोटात पकडलेल्या मुस्लीम तरुणांना न्यायालयाने 2016 मध्ये आरोपातून मुक्त केलं. ज्याने गुन्हा केलाच नाही त्याची 'प्रेरणा' शोधत बसणं हा त्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय आहे. म्हणून उदाहरणाला शिक्षा झालेले, स्वतःहून कबूल केलेले किंवा संघटनेनेच आपले म्हटलेले लोकच घ्या.

प्रत्यक्ष सभा

वेळ रात्री आठची, बायांची भांडी आटोपल्यावर. बायकांच्या सतरंज्या पुढे. आतल्या भागातलं गाव असेल तर पोलीस पाटलाला आणि ठाण्याला आधी कळवा, विषय लपवू नका. शरण आलेल्या कोणाला पाहुणा म्हणून बसवू नका, तमाशा होतो आणि त्याच्या जिवालाही धोका. ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला त्यांच्याकडे आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून या. आले तर पुढे बसवा, बोलायला लावू नका.

आठ-दहा दिवस आधी प्रत्येक वक्त्याला एक संघटना आणि चौघांपैकी एक माणूस वाटून द्या: आयसिस आणि भरती होणारा, तमिळ वाघ आणि संस्थापक, माओवादी आणि भात देणारा. कात्रणं वाचनालयात ठेवा, मोबाईलवरचे फॉरवर्ड चालणार नाहीत असं बजावा. बोलायला सहा मिनिटं पुरे. मग चिठ्ठ्या फिरवा. ज्याला उठून बोलायची भीती वाटते तो लिहितो, आणि आमच्याकडे सर्वांत नेमके प्रश्न चिठ्ठीतूनच येतात. "ज्यायले जमीन भेटली ते बी काहून गेले?" असा एक प्रश्न आला होता, त्यावर दोन पदवीधर अडले.

दुसऱ्या फेरीत बाजू बदला. जो गरिबी म्हणत होता त्याने विचारसरणीची बाजू मांडायची, धर्म म्हणणाऱ्याने पोलिसी माराची. कुरकुर होते. करू द्या.

शेवटी हात वर करून निकाल घेऊ नका. बक्षीस द्यायचं तर चांगल्या प्रश्नाला द्या. जे सुटलं नाही ते वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवा आणि पुढच्या सभेला उलटा प्रश्न घ्या: अशा चळवळी संपतात कशा? तमिळ वाघ मे 2009 मध्ये लष्कराने संपवले, उत्तर आयर्लंडमध्ये 10 एप्रिल 1998 चा शांतता करार झाला, आणि आपल्याकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने 2006 च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन 1,809 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. या तिन्हींची कात्रणं वेगवेगळ्या फायलीत लावायला आत्ताच सुरुवात करा. मेंढा-लेखाची फाईल जाड होईल, तिला दोन पोरं नेमा.